दुःखाची लांबी

दुःखाचे माप कशाने घ्यावे, हा प्रश्न मला पुष्कळदा पडतो. भूकंपाचे माप रिश्टरने १९३५ साली यंत्राने काढलेल्या रेघेच्या उंचीवरून घेतले. पण धक्का जवळचा नि जबर असला, की रेघ कागदाबाहेर जाते. मग उंची कळावी कशी? अशा वेळी कंप किती काळ टिकला ते मोजतात. जपानात त्सुमुरांनी १९६७ साली, कॅलिफोर्नियात ली व सहकाऱ्यांनी १९७२ साली याची सूत्रे बसवली.

परंतु कंप संपला केव्हा म्हणायचे? जमिनीच्या नित्याच्या थरथरीत तो दिसेनासा झाला म्हणजे! गजबजलेल्या जागी तोच कंप लवकर बुडतो, निवांत जागी उशिरा.

आमच्या आळीतली एक बाई नवरा गेल्यावर चौथ्या दिवशी कामावर गेली. लोक म्हणाले, "हिला काही वाटतच नाही!" वाचकहो, चूल, भाडे, पोरांच्या फिया यांच्या गलबल्यात तिचा कंप बुडाला होता, थांबला कुठे होता? सवडीने रडणे सर्वांनाच परवडत नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा आकडा मांडण्यापूर्वी त्याच्या घरातला गलबला आपण आधी ऐकावा, हे बरे.