घंटीआधी ब्रेक

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथ झाला आणि त्याला लागूनच सायकल मार्ग. अशा जागी भांडण ठरलेलं. "काका, ही सायकलची जागा आहे!" "अहो, मग माणसांनी चालायचं कुठून?"

सायकलवाल्याला ब्रेक लावणं जिवावर येतं, ते उद्धटपणामुळे नव्हे. तो वेग पायांनी कमावलेला असतो; एकदा थांबलं की पुन्हा सगळा जोर लावावा लागतो. चालणाऱ्याची भीतीही तितकीच खरी. मोटारीची चाहूल लागते, सायकल मात्र आवाज न करता पाठीशी येऊन ठेपते. सावकाश चाललेल्या आजींना घासून कुणी तासाला वीसच्या वेगाने गेलं, तर धक्का न लागताही त्यांचा तोल जातो. त्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड आणि पुढे महिनोन्‌महिने अंथरूण.

म्हणून मी चालणाऱ्याच्या बाजूने आहे. पायी जाणाऱ्याला रमतगमत जाता आलं पाहिजे, लहान मुलाला आईचा हात सोडून धावता आलं पाहिजे. ज्याचा वेग जास्त, त्याने सांभाळायचं. घंटी वाजवली की वाट मोकळी व्हायलाच हवी, हे मला पटत नाही. पुढच्याला कमी ऐकू येत असेल, दचकून तो भलतीकडेच सरकेल. आधी ब्रेक, मग घंटी.

पण या दोघांना एवढ्याशा पट्ट्यात कोंबलं कुणी? 2022 साली देशात रस्ते अपघातांत 32,825 पादचारी दगावले. त्यांतले बहुतेक मोटारी, ट्रक, दुचाकींच्या धडकेने. तरी रस्त्याची रुंदी वाहनांनाच, आणि उरलेल्या कडेला हे दोघं. त्यातही पदपथावर दुचाकी लावलेल्या, मध्येच विजेची डीपी. मग चालणारा सायकल मार्गावर येणारच.

कोपनहेगनमध्ये अनेक ठिकाणी सायकल मार्ग रस्त्याहून थोडा उंच आणि पदपथाहून थोडा खाली असतो. हद्द पायाला कळते, चाकाला कळते, अंध माणसाच्या काठीलाही कळते. बसचे प्रवासी थेट सायकल मार्गावर उतरत असतील, तर सायकलस्वाराने थांबायचं, असा तिथला नियम आहे. आपल्याकडे रंगाचा पट्टा ओढून काम झालं असं समजतात. पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. कोपनहेगनसारखी ही एवढी पायरी त्यात मागावी, आणि त्या अर्जावर सायकलवाल्यांची व चालणाऱ्यांची, दोघांचीही सही असावी.