मोजलेले आणि मानलेले

घरी शिकणाऱ्या मुलाला जगाचा नकाशा शिकवताना कोणता नकाशा खरा म्हणून सांगावा? वाचकहो, हा प्रश्न वरवर भूगोलाचा दिसतो, पण आमच्या मते तो नीतीचा आहे.

तोक्यो शहरात निशिकासाई येथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि तीत मराठी घरेही आहेत. जपानमध्ये मुलांना शाळेत घालण्याचे कायद्याचे बंधन परदेशी पालकांवर नाही. तेव्हा एखाद्या आईने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घरीच शिकवायचे ठरवले, तर तिला कोणी अडवणार नाही. पण शाळेत एक सोय असते. गुरुजी एक सांगतात, शेजारच्या बाकावरचा मुलगा दुसरेच बोलतो, आणि मुलाच्या मनात शंका उभी राहते. घरी आईच गुरुजी आणि आईच परीक्षक. तिने भिंतीवर टांगला तोच नकाशा मुलाचे जग होऊन बसतो.

आणि नकाशे तर एकमेकांशी भांडत असतात. जपानी शाळेतील जगाच्या नकाशात बहुधा पॅसिफिक महासागर मध्यभागी असतो. भारत डावीकडे सरकतो, आपला इस्रायल त्याहून डावीकडे. होक्काइदोजवळची कुनाशिरी, एतोरोफु, शिकोतान व हाबोमाई ही बेटे त्यात जपानची दाखवतात. १९४५ पासून ताबा आधी सोव्हिएत संघाचा व आता रशियाचा आहे. जपान व कोरिया यांच्यामधल्या पाण्याला जपानी लोक 'जपानचा समुद्र' म्हणतात, तर दक्षिण कोरियातील लोक 'पूर्व समुद्र'. मुलाने विचारले, "आई, यातले खरे कोणते?" तर तिने काय सांगावे?

आम्हांस वाटते, तिने मुलाला इनो तादाताका यांची गोष्ट सांगावी. १७४५ साली जन्मलेले हे सावारा गावचे साकेचे व्यापारी. पन्नाशीच्या सुमारास धंदा मुलाकडे सोपवून ते एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला आले आणि आपल्याहून एकोणीस वर्षांनी लहान असलेल्या ताकाहाशी योशितोकी यांचे शिष्य झाले. पृथ्वी केवढी आहे हे जाणण्यासाठी त्यांनी फुकागावातील घरापासून आसाकुसाच्या वेधशाळेपर्यंत पावले मोजली. एवढ्याशा अंतराने भागणार नाही, हे गुरूंनी दाखवून दिले. म्हणून १८०० साली, पंचावन्नाव्या वर्षी, ते पावले मोजत होक्काइदोपर्यंत गेले. पुढे सतरा वर्षे देशाचा किनारा मोजला गेला. १८१८ साली ते वारले. शिष्यांनी १८२१ मध्ये नकाशा पुरा केला. त्यात मोठ्या प्रमाणावरचे २१४ पत्रे आहेत. किनारे व रस्ते रेखलेले, पण जो अंतर्भाग मोजलाच नाही तो बहुतेक कोरा.

त्या कोऱ्या जागेत आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. नकाशात दोन प्रकारच्या गोष्टी असतात: मोजलेल्या आणि मानलेल्या. किनाऱ्याचे वळण, दोन गावांतले अंतर, अक्षांश हे मोजलेले. समुद्राचे नाव, बेटाची मालकी, मध्यभागी कोण, हे मानलेले. दोन्ही एकाच शाईने छापतात, म्हणून मूल फसते. आईने मुलाला होकायंत्र घेऊन घरापासून स्थानकापर्यंत पावले मोजायला लावावे आणि त्याचा नकाशा काढून घ्यावा. मग दोन देशांचे नकाशे शेजारी ठेवून मोजलेले कोणते, मानलेले कोणते, हे त्यालाच वेगळे करू द्यावे.

काही वाचक म्हणतील, अशाने मुलाचा देशाभिमान जाईल. आम्हांस तसे वाटत नाही. मानलेली गोष्ट खोटीच असते असे नाही. तो एक दावा असतो, आणि दावा न्याय्यही असू शकतो. ज्याला तो दावा आहे हे ठाऊक आहे, तो पुरावा शोधील. ज्याला ते मोजमाप वाटते, तो शेजाऱ्याला चोर म्हणून मोकळा होईल.

मात्र जपानच्या बेटांवर हे शिकवणे सोपे आहे. कसोटी लागते ती आपल्या नकाशापाशी. अक्साई चीन भारतीय नकाशात भारताचा, पण ताबा चीनचा, हे त्या मराठी आईने तितक्याच शांतपणे सांगितले पाहिजे. आपणही नातवंडांना आपल्या देशाच्या सीमा दाखवताना शेजाऱ्याचा नकाशा निराळा आहे, हे सांगतो का? ते सांगूनही आपला दावा मांडता येतो. न सांगता मांडला, तर तो कधीतरी बाहेर ऐकून येईल, आणि मग आपण मोजून सांगितलेल्या गोष्टींवरही त्याचा विश्वास उरणार नाही.