इंजिनातला ठोका

विहिरीवरचं इंजिन बिघडलं की वस्तीवरचं माणूस न् माणूस त्याच्याभोवती गोळा होतं आणि प्रत्येकाला त्यातलं कळायला लागतं. १९७८ च्या संक्रांतीला आमचं इंजिन ठोके द्यायला लागलं तेव्हा असंच झालं. एरवी त्याचा आवाज एका लयीतला, लांबच्या शिवारातूनही ओळखू यावा असा. त्या लयीच्या खाली, लोहारानं ऐरणीवर हलक्या हातानं घण टाकावा तसा एक ठोका ऐकू यायला लागला. लोखंडावर लोखंड.

आमचं गाव माणदेशातलं. १९७२ च्या दुष्काळात जुन्या विहिरीनं तळ दाखवला. माणसं खडी फोडायला गेली, सुकडी आणि मिलोवर दिवस काढले. पुढं आण्णांनी कर्ज काढून ओढ्याकाठी नवी विहीर पाडायला घेतली, ती हात थांबत थांबत पाच वर्षांनी पुरी झाली. इंजिन त्याआधीचं, तेही दुसऱ्याचं वापरलेलं. जुन्या घाटणीचं, एका सिलिंडरचं, दोन्ही अंगांना भली थोरली चाकं. मिनिटाला ६५० फेरे. दोन फेऱ्यांत एकदा डिझेल पेटतं, म्हणजे मिनिटाला ३२५ वेळा. हा हिशेब मी शाळेत शिकून आण्णांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "तरीच एवढं पितंय!"

इंजिनाआधी आमच्याकडं मोट होती. मोटेचं चाक कुरकुरलं तर आण्णा खाटेवर पडल्या पडल्या सांगायचे, कणा सुकलाय, वंगण घाला. लाकडाचा आवाज त्यांना कळत होता. लोखंडाचा कळत नव्हता, पण तसं चारचौघांत म्हणायचं कसं?

आणि वेळ वाईट होती. गहू पोटरीत आलेला. या दिवसांत पाणी चुकलं की ओंबी भरत नाही, हे माणदेशातल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

इंजिन चालवायचं काम बापूचं. बापू आमचा सालगडी, पाडव्याला ठरलेला, पुढच्या पाडव्यापर्यंत. वयानं माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. सकाळी हँडल मारणं, डिझेल भरणं, काडी ओढून ऑइल बघणं, मग खोरं घेऊन दारं धरायला जाणं, हा त्याचा दिवस. ठोका पहिल्यांदा ऐकला तो त्यानंच आणि लगेच इंजिन बंद करून घरी सांगायला आला. मला ही गोष्ट पुढं फार आठवत राहिली. लपवायचं असतं तर तो पळत आला असता का?

आण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "ऑइल बघितलं हुतंस का?"

"बघितलं हुतं, आण्णा."

"कवा?"

बापू घुटमळला. परवा की तेरवा, त्याला सांगता येईना. आण्णांनी काडी ओढली. ऑइल खुणेच्या खाली बोटभर होतं आणि काळं होतं. बस्स. तिथंच निकाल लागला.

शेजारच्या गावातून एक मिस्त्री आला. त्यानं लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या पोटाला लावलं, दांडा कानाशी धरला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. "मोठं बेरिंग गेलंय," तो म्हणाला. "ऑइल कमी पडलं की दुसरं काय हुणार?" आण्णांनी बापूकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

इंजिन उघडलं. कनेक्टिंग रॉडचं बेरिंग काढून मिस्त्रीनं उन्हात धरलं. त्यावर ओरखडे होते, एका अंगानं झीजही होती. आता मला वाटतं, इतकी वर्षं चाललेल्या कुठल्याही इंजिनाचं पोट फाडलं तर काही ना काही झिजलेलं सापडणारच. माणसाचंही तसंच. एखाद्यावर संशय घेऊन त्याचं मागचं आयुष्य उकरायला बसलं तर कुठंतरी ऑइल खुणेच्या खाली गेलेलं निघतंच. पण त्या दिवशी ते झिजलेलं बेरिंग म्हणजे आम्हाला मुद्देमालासहित चोर सापडल्यासारखं वाटलं होतं.

नवं बेरिंग आणि मिस्त्रीची मजुरी मिळून जे झालं, त्यातले दीडशे रुपये आण्णांनी बापूच्या सालातून कापायचे ठरवले. त्या काळी ती त्याची दोन महिन्यांची कमाई होती. बापू काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी खोरं गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसलं, टोपलं उपडं घातलेलं, आणि बापू नव्हता. पाडव्याला अजून अडीच-तीन महिने होते. साल मोडून गेलेल्या गड्याला बाकी मागता येत नाही, म्हणजे दीडशेच्या वरचंही राहिलं.

तिसऱ्या दिवशी इंजिन जोडून झालं. हँडल मारलं. धुराचा लोट गेला, इंजिन लयीत आलं आणि त्या लयीच्या खाली तोच ठोका. तसाच, जराही कमी नाही.

मला आजवर सगळ्यात जास्त छळलेला क्षण हाच आहे. बापू दोषी कशावरून, तर ठोका बेरिंगचा आणि बेरिंग ऑइलमुळं गेलं म्हणून. आता बेरिंग नवं होतं आणि ठोका होता. सरळ गणित होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं की मग बापूचं काय? कुणी म्हणालं नाही. चुलते म्हणाले, "वाल्व बघा." मिस्त्री म्हणाला, "पिस्टनची पिन असंल." इंजिनाविषयी आम्ही नवे नवे अंदाज काढत राहिलो, बापूविषयीचा अंदाज मात्र कुणी परत उघडला नाही. आईनं तेवढं संध्याकाळी चुलीपुढं म्हटलं, "मग त्याला उगंच घालवला की." आण्णा म्हणाले, "बेरिंग तर झिजलं हुतंच ना?"

आण्णांचा मुद्दा खोटा नव्हता, हीच अडचण. बेरिंग झिजलेलं होतं. ऑइल कमी होतं. बापूकडून हयगय झाली असेलही. पण ज्या हयगयीकडं एरवी वर्षभर कुणाचं लक्ष गेलं नसतं, तिला शिक्षा झाली ती दुसऱ्याच कुठल्यातरी ठोक्याची. एका खऱ्या चुकीवर दुसऱ्या चुकीचा दंड वसूल केला, तर तो न्याय की अन्याय? मी याचा पुष्कळ विचार केलाय. वकिली करणाऱ्या मित्रालाही विचारलं. तो हसला आणि म्हणाला, कोर्टात हे रोज होतं.

शेवटी दहिवडीहून दुसरे मिस्त्री आणले. म्हातारे, पांढरी टोपी, तोंडात तंबाखू. त्यांनी पेचकस काढलाच नाही. इंजिन चालू करायला लावलं, पट्टा उतरवून ऐकलं, पट्टा चढवून ऐकलं, डिझेल तोडून चाकं आपोआप थांबेपर्यंत ऐकलं. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मग इंजिन गार होऊ दिलं आणि बाहेरून हिंडले. पायाचे बोल्ट हलवून बघितले. पट्ट्याचा जोड बघितला. आण्णा वैतागले, "अवो, आवाज आतनं येतोय!"

"आवाजाला पाय असत्यात, आण्णा," मिस्त्री म्हणाले. "लोखंडातनं त्यो पळतो. ऐकू येतो तितंच असंल, असं न्हाई."

मग त्यांनी एका अंगाचं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मला म्हणाले, "पलीकडचं चाक हलव. जोर लावू नगं, नुसतं डोलव." मी डोलवलं. माझ्या हाताखाली चाक कणभर हललं, आणि खट् असा बारीक आवाज आला. दांडा जागचा हलला नव्हता. हललं होतं ते फक्त चाक.

चाक दांड्यावर घट्ट बसावं म्हणून त्यांच्यामधल्या खाचेत एक पोलादी पाचर ठोकतात. तिला चावी म्हणतात. एका बाजूनं किंचित निमुळती असते, ठोकत गेलं की आवळत जाते. ती जरा सैल झाली की दर स्फोटाला एवढं जड चाक आपल्याच दांड्याला ठोका देतं, आणि तो दांड्यातून थेट इंजिनाच्या पोटात ऐकू येतो, अगदी बेरिंग गेल्यासारखा.

मिस्त्रींनी चावी ठोकून काढली. हातात घेऊन फिरवली. वरच्या अंगाला कानशीचे आडवे चरे स्पष्ट दिसत होते.

"ही कुणी घासली?"

दिवाळीच्या सुट्टीत इंजिन जुन्या विहिरीवरून नव्या विहिरीवर नेलं होतं. बैलगाडीत चढवण्यासाठी चाकं उतरवली होती. नव्या जागी चौघांनी मिळून चाक परत चढवलं, पण चावी खाचेत जाईना. आण्णा म्हणाले, ह्यो शिकलेला हाय, ह्याला बघू द्या. मी बघितलं. दहा-बारा वेळा कानस फिरवली आणि चावी सुळकन आत गेली. सगळ्यांनी वाहवा केली. ती अवघड जात होती तीच बरोबर होती, हे मला ठाऊक नव्हतं.

मिस्त्रींच्या प्रश्नावर मी तोंड उघडलं नाही. दोन-तीन श्वास गेले असतील. मग आण्णा म्हणाले, "बापूनंच घासली असंल." माझ्याकडं न बघता म्हणाले. त्यांना आठवत नव्हतं की आठवत होतं म्हणूनच त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि ते आता नाहीत. मिस्त्रींनी नवी चावी घडवून आणली, निळी पूड लावून दोन्ही अंगं सारखी टेकतात का ते पाहिलं, ठोकली. ठोका गेला. गव्हाचं एक पाणी चुकलं ते चुकलंच.

मी खोटं बोललो नव्हतो. कित्येक वर्षं मी या वाक्याला धरून होतो. शिवाय चावी काही वाईट हेतूनं घासली नव्हती. पण हेतू तर बापूचाही वाईट नव्हता. दोघांनीही अंगच्या आळसानं किंवा अज्ञानानं काहीतरी थोडं कमी-जास्त केलं होतं. माझ्या चुकीचं कुतूहलही कुणाला वाटलं नाही, त्याच्या चुकीची किंमत मात्र रुपयांत ठरली.

१९८९ मध्ये मी बापूला शोधून काढलं. तोवर मला नोकरी होती, आण्णा गेले होते, इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली होती. म्हणजे खरं बोलायला आता काहीच खर्च येत नव्हता. जाताना ही गोष्ट मला टोचत होती, अजूनही टोचते. बापू एका गुऱ्हाळावर जळण घालायच्या कामाला होता. केस पिकलेले. मला ओळखून उठला. तोंडातून आपोआप "बसा, बापू" असं आलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

मी सगळं सांगितलं. चावी, कानस, दीडशे रुपये. पैसे पुढं केले, त्यात त्याच्या बाकीचेही घातले होते. त्यानं ते मोजले नाहीत, नाकारलेही नाहीत. बंडीच्या खिशात ठेवले.

"पैशाचं न्हाई ओ, मालक," तो म्हणाला. "पर 'ह्यो इंजान खातो' असं समद्या भागात झालं. तवापासनं इंजानवाल्यानं मला कुनी ठिवलं न्हाई."

मी गप्प बसलो. चुलवाणात चिपाडं तडतडत होती. त्यानं वाकून आणखी दोन कवळे आत सारले, धुरानं डोळे पुसले आणि म्हणाला,

"ती कानस मीच काडून दिली हुती की तुमाला."