आजचं चिंतन: गांडीव का निसटलं? (गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ३०)



आजच्या श्लोकांत अर्जुन शरीराची अवस्था सांगतो. गात्रं गळतायत, तोंड कोरडं पडतंय, अंगाला कंप सुटलाय, हातातून गांडीव निसटतंय. दुःख मनाचं, पण बोललं आधी शरीर.

माझी आत्या धुळ्याला नर्स होती. वॉर्डात नातेवाईक अंगावर ओरडले तरी चेहरा शांत. घरी आली की मान-कंबर धरून बसायची. आम्ही म्हणायचो, दिवसभर उभं राहून दुखत असेल. तेही खरंच. पण मी तर खुर्चीत बसलेला असतो. तरी चिडलेल्या क्लायंटला हसून 'नो प्रॉब्लेम' म्हणताना माझे खांदे दगड होतात. तेव्हा आत्या कळली. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाबद्दल लिहिताना याला 'भावनिक श्रम' म्हटलं. श्रमच तो, फक्त पगाराच्या स्लिपवर दिसत नाही.

मग शांत चेहरा हे ढोंग का? नाही. रुग्णाला त्याचा आधार असतो. तो कर्तव्याचाच भाग. पण समत्व म्हणजे मन दाबणं नव्हे. अर्जुन सारथ्यापाशी मोकळा झाला, म्हणून पुढे लढू शकला. आपल्या जळगावच्या बहिणाबाईही राबायच्या, पण जात्यावर गायच्याही. आत्याला मात्र कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

आजचा अभ्यास: घरी कुणी पाठ धरून बसलं, तर बाम चोळता चोळता विचारा, "आज काय झालं?" आणि मग फक्त ऐका.

जय श्रीकृष्ण!