निराश्रितांस दिलेल्या भाकरीचे मोल



गेल्या हंगामाच्या सणास एका लहान खेड्यातील मंडळीत युद्धामुळे घरदार सोडावे लागलेल्या कुटुंबांसाठी दान गोळा करण्यात आले. कोणी पैसे दिले, कोणी पायलीभर ज्वारी आणून प्रभुभोजनाच्या मेजापुढे ठेवली. उपासना आटोपल्यावर तेथील उपदेशकांनी मला बाजूस घेऊन विचारले, "पाळकसाहेब, हे दान ज्यांस पोहोचणार ते आपल्या विश्वासाचे आहेत काय? नसतील, तर अन्नाबरोबर त्यांस सुवार्ता सांगितली जाते ना? नाहीतर आपल्या दानात आणि सरकारी मदतीत फरक तो काय राहिला?"

प्रश्न सरळ मनाने केलेला होता, आणि तो पुष्कळांच्या मनात असतो हे मी जाणून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यालयाच्या गणतीप्रमाणे २०२४ सालाच्या अखेरीस युद्ध, हिंसाचार व छळ ह्यांमुळे घर सोडावे लागलेल्यांची संख्या १२ कोटींच्या वर होती. २०११ च्या शिरगणतीत आपल्या महाराष्ट्राची सारी लोकसंख्या सुमारे सव्वाअकरा कोटी भरली होती. एवढे लोक आज परक्या दारी किंवा आपल्याच देशात परक्यासारखे राहत आहेत. म्हणून त्यांस द्यावयाच्या भाकरीविषयी आपला विचार स्वच्छ असला पाहिजे.

प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी पडलेल्या मनुष्याचा पंथ कोणी विचारला नाही, आणि तो दाखला सांगणारा आपला प्रभूच होय. विश्वासाच्या घराण्याची विशेष काळजी घ्यावी असे प्रेषित पौल शिकवितो खरे. पण त्याच वचनात सर्वांचे बरे करण्याची आज्ञा आधी आहे.

दुसरा भाग मात्र कठीण आहे. हातात भाकर धरून, ती देण्यापूर्वी किंवा देता देता, भुकेल्यास आपला धर्म सांगावा काय?

जिचे घर तोफेने पाडले, जिचा नवरा बेपत्ता आहे आणि जिच्या कडेवर दोन दिवसांचे उपाशी मूल आहे, अशी एक आई मनापुढे आणा. धान्य वाटणारा तिला म्हणतो, "आधी आमची प्रार्थना ऐक, मग रांगेत उभी राहा." ती ऐकेल. मान डोलवील. विचारले तर विश्वास ठेवते असेही म्हणेल. परंतु नाही म्हणण्याची मोकळीक जिला नाही, तिच्या होकाराला काय अर्थ? आपण तिच्याकडून विश्वास घेतला असे आपणांस वाटेल. वस्तुतः आपण तिच्या मुलाच्या भुकेचा उपयोग करून घेतला असे होईल. आणि ती गोष्ट ती कधी विसरणार नाही.

ही गोष्ट आपण इतरांपेक्षा अधिक जाणतो, कारण आपल्या घराण्यांनी तिचे चटके सोसले आहेत. माझे पणजोबा छप्पनच्या, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या, दुष्काळात पोरके झालेले मूल होते. मिशनने त्यांस वाढविले, अक्षरे शिकविली, आणि ते खरे विश्वासू होऊन मेले. तरी "पोटासाठी बाटले" हा टोमणा त्यांनी जन्मभर ऐकला, आणि शाळेत असताना मीही तो ऐकला आहे. त्यांच्या विश्वासाची साक्ष त्यांचे सारे आयुष्य देत होते. पण ज्या ताटात अन्न मिळाले त्याच ताटात धर्म मिळाला, एवढ्यावरून लोकांस संशय घ्यावयास जागा राहिली. ती जागा ठेवू नये.

ही अडचण जाणणारे त्या काळीही होते. मद्रास इलाख्यातील ओंगोल येथे जॉन क्लफ हे बाप्तिस्त मिशनरी काम करीत असत. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचे खोदकाम मक्त्याने घेऊन भुकेल्यांस काम व मजुरी दिली. बाप्तिस्मा मागणारे पुष्कळ पुढे आले. परंतु मदत चालू असेपर्यंत बाप्तिस्मा देण्याचे त्यांनी थांबविले. मदतीचे काम संपल्यावर, जुलै १८७८ मध्ये, एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. देणाऱ्याचा हात रिकामा झाल्यावर जे आले, ते मजुरीसाठी आले असे म्हणता येईना. त्या थांबण्यात त्या लोकांचा केवढा मान होता, ह्याचा विचार करावा.

"तर मग आम्ही मुकेच राहावे काय?" असे कोणी विचारील. मुळीच नाही. ह्याचे उत्तर फ्रान्स देशातील एका डोंगरी गावाने दिले आहे.

ल शांबों हे त्या गावाचे नाव. तेथील शेतकरी बहुतेक प्रॉटेस्टंट. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने त्यांच्या पूर्वजांची धर्माची मोकळीक काढून घेतली, तेव्हापासून छळ म्हणजे काय हे त्यांच्या घराघरांत ठाऊक होते. १९४० साली फ्रान्सचा पराभव झाला आणि ज्यू लोकांवर मरणाचे संकट आले, तेव्हा पाळक आंद्रे त्रोक्मे, त्यांच्या पत्नी माग्दा व त्यांची मंडळी ह्यांनी पळून आलेल्यांस आपली दारे उघडली. शेतांवरच्या घरांत, शाळांत, मुलांच्या वसतिगृहांत त्यांनी ज्यू मुले व मोठी माणसे लपविली. त्यासाठी किंमतही दिली. १९४३ साली त्रोक्मे ह्यांस काही आठवडे कैदेत ठेवले. त्यांचे नातलग दानिएल त्रोक्मे मुलांच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहत. ते आपल्या मुलांबरोबर पकडले गेले आणि १९४४ साली मायदानेकच्या छळछावणीत मरण पावले. १९९० साली यरुशलेमातील याद वाशेम ह्या संस्थेने त्या साऱ्या मुलखाच्या लोकांचा गौरव केला.

तेथे आश्रय मिळालेल्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितले, की आमच्यावर धर्म बदलण्याचा दबाव कोणी आणला नाही. तरी त्या गावात ख्रिस्ताची साक्ष नव्हती असे कोण म्हणेल? पाळक दर रविवारी उपदेश करीत, देवळाचे दार उघडे असे. मात्र घराच्या आश्रयाला देवळात येण्याची अट नव्हती. उपदेशकांनी विचारलेला फरक मला येथे दिसतो. कोणी विचारले, "तुम्ही आमच्यासाठी जीव धोक्यात का घालता?" तर उत्तर देण्यास आपण मोकळे आहोत, किंबहुना बांधलेले आहोत. तो प्रश्न त्याच्या मनातून उठू द्यावा; भुकेने त्याच्या तोंडून वदवून घेऊ नये.

आता उलट बाजू पाहू. आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडे गाव आहे. रशियाने १९४० व १९४१ साली हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे सुटका झाल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत त्यांतील सुमारे ५,००० जण, बहुतेक स्त्रिया व मुले, वळिवड्याच्या छावणीत राहिले. ते ख्रिस्ती, बहुतेक रोमन कॅथलिक. आसपासचा मुलूख हिंदू. छावणीत त्यांचे स्वतःचे चर्च होते, त्यांच्या भाषेच्या शाळा होत्या. आश्रयाच्या बदल्यात "तुमचा देव सोडा" असे त्यांस कोणी म्हटले असते, तर तुम्हांआम्हांस ते कसे लागले असते? फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, आणि ती वस्ती आज गांधीनगर म्हणून ओळखली जाते. जे माप आपल्या धर्मबंधूंसाठी आपणांस रुचते, तेच माप दुसऱ्यांसाठी लावणे हा प्रभूने घालून दिलेला नियमच आहे.

१९९४ साली रेडक्रॉस व अनेक मदतसंस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. मदत गरजेप्रमाणे द्यावी आणि कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी तिचा उपयोग करू नये, असे तीत आहे. ती करणाऱ्यांत लूथरन मंडळ्यांचा जागतिक संघ व जागतिक मंडळी परिषद ह्या ख्रिस्ती संस्थाही होत्या. आपल्या विश्वासाची लाज वाटून त्यांनी तसे केले असे मला वाटत नाही. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच आभार मानावयास परतला. प्रभूने बाकीच्या नऊ जणांविषयी विचारले, पण त्यांची शुद्धता परत घेतली नाही. हेच आपल्या दानाचे माप असावे.

तेव्हा बंधूंनो, आपली मंडळी दान पाठवील तेव्हा एवढे करावे. ते कोणाच्या हातून व कोठे पोहोचते ह्याची चौकशी करावी, कारण तो गरिबांचा पैसा आहे. ते अटीवाचून द्यावे. आपल्या गावी कोणी निराश्रित आला, तर त्यास आधी पाणी, मग भाकर, मग निजावयास जागा द्यावी, आणि त्याला त्याच्या रीतीने प्रार्थना करू द्यावी. त्याला रांगेत उभा करून त्याचा फोटो काढू नये. आपण त्याच्यासाठी घरी, गुडघे टेकून, प्रार्थना करावी. ती त्याला ऐकू गेलीच पाहिजे असे नाही.

उपदेशकांस मी हेच सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "माझ्या आजोबांना असे कोणी दिले असते, तर गावात मान वर करून चालले असते." त्यांच्या ह्या बोलण्यापुढे माझा उपदेश मला लहान वाटला. ज्यांची मान युद्धाने खाली झाली आहे, त्यांची आपल्या दानाने आणखी खाली होऊ नये, अशी कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो.

आपला ख्रिस्ती बंधू,
एक पाळक