शरीराची शिस्त कोणी लावावी?

विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी कायद्याने सज्ञान असतो. व्यायाम करावा की करू नये, हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच. मग पदवीसाठी व्यायामाची सक्ती करण्याचा नैतिक अधिकार विद्यापीठाला पोहोचतो काय? प्रश्न वरवर किरकोळ भासतो. परंतु माणसाचे स्वातंत्र्य आणि त्याचे हित यांमधला जुना तंटा त्यात दडलेला आहे.

अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात १८६१ साली डॉ. एडवर्ड हिचकॉक यांनी आरोग्य व शारीरिक शिक्षणाची धुरा स्वीकारली. अभ्यासाच्या भाराने तरुणांची प्रकृती ढासळते, ही तेथील चिंता होती. म्हणून विद्यार्थ्यांनी नेमल्या वेळी व्यायामशाळेत जमावे आणि संगीताच्या तालावर एकत्र कसरत करावी, असा नियम झाला. नियम सर्वांना सारखाच होता.

त्याच देशातील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लिंकन विद्यापीठाने मात्र वेगळी वाट धरली. कृष्णवर्णीय तरुणांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली ही जुनी संस्था. २००६ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी तिने नियम केला, की ज्यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन मोजणारा अंक, ३० किंवा त्याहून अधिक असेल, त्यांनी व्यायामाचा एक अभ्यासक्रम पूर्ण केल्यावाचून पदवी मिळणार नाही. मधुमेह आणि रक्तदाब यांच्यापासून तरुणांना वाचवावे, हा हेतू निःसंशय चांगला होता. तरीही २००९ मध्ये या नियमावर टीकेची झोड उठली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही सक्ती मागे घेण्यात आली.

हेतू चांगला असूनही हा नियम का टिकला नाही? कारण सरसकट नियम विद्यार्थ्याला म्हणतो, ‘थोडा वेळ दे.’ निवडक नियम म्हणतो, ‘तुझ्या शरीरात खोट आहे.’ शिवाय तो अंक चरबी आणि स्नायू यांत भेद करीत नाही. जिने चढताना धापा टाकणारा सडपातळ विद्यार्थी त्यातून सुटतो आणि रोज मैदानावर घाम गाळणारा धिप्पाड खेळाडू त्यात अडकतो. हिताच्या नावाने केलेला अन्याय हा अन्यायच असतो.

याचा अर्थ सक्ती सर्वस्वी त्याज्य आहे, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. तेवढा वेळ मागणाऱ्या संस्थेने तो वेळापत्रकातच राखून द्यावा. पहाटेची गाडी पकडून येणाऱ्या, संध्याकाळी नोकरी करणाऱ्या मुलामुलींवर तो अधिकचा बोजा होऊ नये. अपंग विद्यार्थ्याला झेपेल असा पर्याय असावा. गुण द्यायचे तर ते उपस्थितीला आणि प्रयत्नाला द्यावेत, शरीराच्या मापाला नव्हे.

आणि अशा सक्तीची खरी परीक्षा ती संपल्यावरच होते. पदवी हाती पडल्यानंतर, कोणी हजेरी घेत नसताना, तो तरुण आपण होऊन चालायला निघाला, तरच विद्यापीठाने त्याला काही शिकवले असे म्हणता येईल.