मर्यादेची रेषा



गेल्या महाशिवरात्रीस कीर्तन संपल्यावर सभामंडपात एका तरुणाने मला विचारले, "शंकराला भांग चालते, सरकारला दारू चालते, मग गांजाच तेवढा निषिद्ध कसा?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. मला मात्र त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते आज आपणांसमोर ठेवीत आहे.

प्रथम राजशासनाची रेषा पाहू. एकाच झाडाचा फुलोरा तो गांजा, त्याचा चीक ती चरस आणि त्याची पाने ती भांग. केंद्राच्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस निषिद्ध ठरविली. नुसती पाने मात्र व्याख्येतून वगळली आणि त्यांचे नियमन राज्यांकडे राहिले. म्हणजे शासनाची रेषा एकाच झाडाच्या फांदीवरून गेली आहे!

आपले कमलनगर तर सीमेवरचेच गाव. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, कर्नाटकाने मे २०१३ मध्ये. मधले दहा महिने तीच पुडी उदगिरास गुन्हा होती आणि आपल्याकडे व्यापार. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून अरक बंद झाला. पलीकडे परवान्याची देशी दारू उघड विकली जाते. आणि विदेशी पद्धतीची बाटली दोन्हीकडे मिळते. आगगाडीने सीमा ओलांडताच विषाचा गुण पालटतो काय? घसा तोच, यकृत तेच, घरी वाट पाहणारी माउलीही तीच.

मग कायदा व्यर्थ म्हणावा काय? तसे नव्हे. महाभारताच्या मौसलपर्वात कथा आहे. विनाशाची चिन्हे दिसताच द्वारकेत दवंडी पिटली गेली की, आजपासून कोणी मद्य गाळील तर त्यास सुळावर दिले जाईल. भयाने सर्वांनी आज्ञा पाळली. पुढे तेच यादव यात्रेसाठी प्रभासक्षेत्री गेले, तेथे यथेच्छ प्याले आणि एकमेकांच्या प्राणांवर उठले. आज्ञा कठोर होती. पण ती नगराच्या वेशीवर होती, अंतःकरणात नव्हती. साक्षात भगवंताच्या नगरीची ही गत, तर आपली कथा काय?

आता माझाच एक अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी शिवरात्रीच्या रात्री थंडाईच्या वाट्या मी स्वतः वाटल्या. तीत भांग होती. रांगेत चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने पुन्हा मागितली, मी पुन्हा दिली. मध्यरात्रीनंतर तो भ्रमिष्टासारखा ओरडू लागला, आईलाही ओळखीना. पहाटेपर्यंत ती माउली त्याचे डोके मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "देवाचं म्हणून दिलंत ना? म्हणून मी नाही म्हटलं नाही." मुलगा बरा झाला. पण त्या वाक्याने माझी झोप नेली. वडिलांनी, जे तीस वर्षे या मूर्तीची पूजा करीत आहेत, मला एका शब्दानेही रागावले नाहीत. त्यांनी भांगेचा पाटा उचलून ठेवला, तो आजतागायत काढलेला नाही.

शुक्राचार्यांनी मद्याच्या भरात आपल्याच शिष्याची, कचाची, राख पोटात घेतली. शुद्धीवर येताच त्यांनी मद्यपानाविरुद्ध मर्यादा घालून दिली. स्वतः पडलेल्याने घातलेली ती मर्यादा आहे, म्हणून तिला वजन आहे.

तेव्हा रेषा कोठे असावी? माझ्या अल्पमतीप्रमाणे, ती पदार्थाच्या नावावरून नव्हे, तर त्याच्या परिणामावरून व हेतूवरून आखावी. अफूपासून होणारे मॉर्फिन कर्करोग्याची असह्य वेदना शमविते. तेथे ते औषध आहे, आणि कायदाही त्यास वाट ठेवतो. जे अजाणाच्या हाती पडते, जे घेणाऱ्याचा विवेक हिरावते आणि ज्याचे मोल घरच्या भाकरीतून दिले जाते, त्याला परवाना असो वा नसो, समाजाने त्यास प्रतिष्ठा देऊ नये. विकणाऱ्यावर शासनाचा हात कठोर पडावा. बुडालेल्यासाठी मात्र तो वर काढणारा असावा. व्यसनमुक्तीच्या उपचारास जो आपण होऊन पुढे येतो, त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद याच १९८५ च्या कायद्यात आहे. ही गोष्ट गावागावांत सांगितली गेली पाहिजे. कारण भयाने कित्येक घरे दार लावून दुःख सोसत असतात.

आणि "शंकराला चालते" याचे उत्तर? महादेवाने हलाहल प्राशन केले ते आनंदासाठी नव्हे, जग वाचावे म्हणून. तेही कंठातच अडविले, खाली उतरू दिले नाही. रेषा आखणे म्हणतात ते हेच. त्याच्या नावावर आपण विष लेकरांच्या हाती द्यावे, ही भक्ती नव्हे.

येत्या शिवरात्रीस आपल्या देवळात दूध, बेल आणि नामस्मरण एवढेच असेल. तो प्रश्न विचारणारा तरुण मित्रही येवो. आणि ज्याच्या घरी कोणी बुडत असेल त्यानेही संकोच सोडून यावे. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सोबत यावयास मी तयार आहे. आपल्या सर्वांच्या अंतःकरणात ती मर्यादा नीलकंठाने जागती ठेवावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.